वणव्यापलीकडची खिंड

सह्याद्रीच्या माथ्यावरून जी लांब पायवाट जाते, तिचा एकच टप्पा आमचा राहिला होता. तो मला पुरा करायचा होता. भाताची झोडणी उरकली की दर हिवाळ्यात माझी बायको सोनुबाई आणि मी त्या वाटेचा एकेक तुकडा चालत असू. कडावच्या आमच्या खळ्यातून दिसणारी खिंड आम्ही मुद्दाम शेवटी ठेवली. घरचीच तर आहे, कुठे पळते! पण श्रावणात सोनुबाईच गेली.

बेत कळताच माझी मुलगी प्राची भिसेगावहून आली.

"बाबा, आधी तुझा गुडघा बघ. आईचं राहिलं ते राहिलं. घरी बस."

"घरी बसून काय करू? भिंतींशी बोलू?"

ती रागावून निघून गेली. मी खळ्यातच बसून वाट ठरवू लागलो. सोबत माझा जुना दोस्त मुनव्वर होता. नेरळला त्याचं भांड्यांचं दुकान आहे.

"गाडीरस्त्यानं वर जाऊ, मग खिंडीत उतरू," तो म्हणाला. "सरबत पिऊन परत."

"नाय. पायथ्यापासून चढायचं."

"मला मारायला नेतोस का रं?"

"तुला बोलावलंय कोणी?"

"तू एकटा जाणार आणि मी दुकानात पातेली पुसत बसू? नाय जमायचं!"

मार्चमध्ये, उजाडता उजाडता निघालो. ओढ्याच्या घळीत वाट चुकली, पुन्हा सापडली. गुडघा ठणकू लागला. एका कातळावर मुनव्वरनं मला खालून ढकललं, मग मी त्याला वर ओढलं. ऊन तापल्यावर आम्ही पदरावर आलो. पदर म्हणजे डोंगराच्या मध्यावरची सपाटी. तिथे कमरेएवढं वाळलेलं गवत होतं. खाली उतार, वर कड्याची भिंत आणि मधून जाणारी अरुंद वाट. भिंतीच्या टोकाला खिंड दिसत होती.

तेवढ्यात धुराचा वास आला.

खालच्या उतारावरून वणवा चढत होता! वारा त्याच्याच बाजूचा. मागची घळ धुरानं भरली. पुढे पळावं, तर गुडघा पळू देईना.

"मुनव्वर, तू पळ!"

"गप रं! काय करायचं ते सांग!"

शेतात राब भाजताना, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळताना, आम्ही वाऱ्याच्या उलट्या बाजूनं पेटवतो. मग आग धावत नाही, सरपटते. पेटवणारा एक, आणि मागे हिरवी डहाळी घेऊन ठिणग्या मारणारा दुसरा. आमच्या शेतात तो दुसरा म्हणजे सोनुबाई.

अंजनीच्या फांद्या मोडून मुनव्वरच्या हातात दिल्या. त्याचा लायटर घेतला. वाटेच्या खालच्या कडेचं गवत पेटवत मी वाकून पुढे सरकलो. आमची आग वाऱ्याला तोंड देत हळूहळू खाली निघाली. ठिणग्या मात्र वर उडत होत्या.

"सोनू, मागं बघ!" मी ओरडलो.

"बघतोय रं!" मुनव्वर ओरडला. फांदी सपासप पडत होती.

काळा पट्टा रुंद होत गेला. मोठी आग जवळ आली. धडधड आवाज! अंग भाजणारी झळ! आम्ही वाटेवर पालथे पडलो, तोंडं मातीत खुपसली. आग पट्ट्याला भिडली. आणखी जाळायला तिथे काहीच उरलं नव्हतं.

मी मान वर केली. मुनव्वरच्या भुवया गेल्या होत्या.

"बायको वळखंल का मला?" तो म्हणाला.

"आवाजावरून वळखंल."

तो हसला, मग खोकत राहिला. धूर विरल्यावर म्हणाला, "परत जाऊ या?"

"तू जा."

तो शिव्या देत माझ्यामागून चालू लागला. राख गरम होती. चपलांचे तळ चिकटत होते. उन्हं कलली तेव्हा आम्ही खिंडीत पोचलो. खाली कडावची शेतं, एवढीएवढीशी.

मुनव्वर हळूच म्हणाला, "आता वैनींच्या जीवाला शांती मिळंल."

"शांती? चिडली असती ती. मला टाकून गेलास म्हणाली असती. आणि बरोबर बोलली असती."

मी फोन काढून प्राचीला सांगितलं, "खिंडीत हाय. जिवंत हाय. आता ओरड काय ओरडायचं ते."

ती पोटभर ओरडली. मी सगळं ऐकून घेतलं.