पाच दिवसांची मान

मी युसूफला होकार दिला. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. मीही ते लिहिलं नाही असंच धरून पुढं चालले आहे.

तर सोमवारी सकाळी औरंगपुऱ्यातल्या अब्बांच्या मेडिकलवर एक माणूस आला आणि काउंटरला डावा खांदा लावून उभा राहिला. वाटलं, भांडून आलाय. पण त्याची मानच डावीकडं अडकली होती. माझ्याकडं बघायचं तर त्याला असं आडवंच उभं राहावं लागत होतं.

"ड्रायव्हर हाय, लासूर स्टेशनच्या एसटीवर," तो म्हणाला. "कंडक्टरनं हाक मारली म्हणून मान वळवली, ती परत आलीच नाय."

चिठ्ठीवर नाव युसूफ. औषध म्हणजे आखडलेले स्नायू सैल करणारी गोळी, सकाळ-संध्याकाळ, फक्त पाच दिवस.

"यानं झोप येते. गाडी चालवायची नाही," मी म्हटलं.

"मग काय करू?"

"आराम."

"इथं उभं राहून केला तर चालतो का?"

मी चिठ्ठीवर शिक्का मारला. दोनदा. एकदाच मारायचा असतो.

मग तो रोज यायला लागला. मंगळवारी शेकायची पिशवी, बुधवारी बाम. गुरुवारी काही सुचेना, म्हणून त्यानं ग्राइप वॉटर मागितलं.

"घरात... लहान बाळ आहे?" माझा आवाज उगाच चिरकला.

"आधी शादी तर होऊ द्या."

शुक्रवार, शेवटचा दिवस. सकाळची गोळी घेऊन तो डुलत आला आणि आडवं उभं राहायचंच विसरला. त्यामुळं तोंड थेट बाकड्याकडं. बाकड्यावर द्वारकाबाई, बीपीच्या गोळ्यांसाठी बसलेल्या.

"तुम्ही मला लई आवडता," तो म्हणाला. "डोळे मिटले की तुम्हीच..."

द्वारकाबाईंनी पदर सावरला. "अरं बाबा, मला नातसुना आल्या!"

"तुम्हाला नाय, मावशी. मान तुमच्याकडं हाय, दिल तिकडं हाय."

माझ्या हातातलं पाकीट खाली पडलं. मला हसावं की पळावं कळेना, म्हणून मी फार्मासिस्ट झाले. "गोळीच्या अंमलात बोललेलं मी धरत नाही. औषध अंगातून उतरू द्या. मग आठवलं तर बोला."

"बरं," म्हणून तो गेला.

शनिवारी आला नाही. रविवारी नाही. सोमवारी मी गोळीचं माहितीपत्रक चार वेळा वाचलं. झोप उडणं त्यात नव्हतं, पण चक्कर होती, तोंडाला कोरड होती. मला तिन्ही होती, आणि गोळी मी घेतलीच नव्हती.

"आला व्हय गं तो वाकड्या मानंचा?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"नाही."

"मंग गोळीच बोलली म्हणायची."

मी त्यांच्या पिशवीत बीपीच्या गोळ्यांऐवजी माझा जेवणाचा डबा भरला. त्यांनी तो परत केला, पण भाजीची चव घेऊन.

मंगळवारी तो आला. समोर उभा. मान सरळ, डोळे सरळ... आणि मला पहिल्यांदा कळलं की आपण लपायला काउंटर किती अपुरा बांधलाय. त्यानं एक कागद पुढं केला. डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट – 'सदर इसम ड्युटीवर हजर होण्यास योग्य आहे.'

"हे मिळायला आज उजाडलं," तो म्हणाला. "पुराव्याशिवाय तुम्ही धरणार नाय ना. आता बिनगोळीचं ऐका... तुम्ही मला लई आवडता."

"यात ड्युटीचं लिहिलंय. प्रेमाचं नाही."

"एकच हाय. दोन्हीत समोर बघावं लागतं."

मी मान हलवली.

"व्हय म्हणली का नाय म्हणली?" बाकड्यावरून द्वारकाबाई ओरडल्या. "मला इथून दिसंना!"

मी काय म्हणाले ते पहिल्या वाक्यात होतं. तुम्ही ते वाचलेलं नाही.

सबब, औषध खात्यास नम्र विनंती की, सदर गोळीच्या पाकिटावर 'झोप येऊ शकते, वाहन चालवू नये' या सूचनेखाली 'रुग्ण बोलेल ते खरं असू शकतं, विक्रेतीनं चार दिवस जीव टांगणीला लावून घेऊ नये' ही ओळ तातडीनं छापण्यात यावी. अक्षर मोठं ठेवावं. द्वारकाबाईंना बाकड्यावरून दिसलं पाहिजे.