पडद्याबाहेरची हाक

यातलं एक अक्षरही रचलेलं नाही. पटलं तर वाचा, नाही तर पुढे सरका. फक्त कमेंटमध्ये पुरावा मागू नका. पुरावा असता तर मी शांत झोपलो असतो.

मी हर्षल. सोनईत माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. भुताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर भरपूर टिंगल केली आहे, त्यामुळे आता माझी कोणी केली तर तक्रार नाही.

मागच्या डिसेंबरमधली गोष्ट. ठिकाण शनिशिंगणापूर, माझ्या बहिणीचं सासर. आणि वेळ मध्यरात्रीची वगैरे नव्हती.

चांगलं उजाडलं होतं.

धनश्री माझी धाकटी बहीण. घरात ती, तिचे मिस्टर चेतन, सासू चांगुणाबाई आणि दीड वर्षाची सायली. दाजींचं देवळाजवळ पूजेच्या सामानाचं दुकान आहे. गर्दीच्या दिवसांत मी मदतीला जातो, तसा तेव्हाही मुक्कामाला होतो.

तिथल्या घरांचं तुम्ही ऐकलं असेल. चौकट असते, दार नसतं. दाजींच्या घरालाही नुसता पडदा. कडी नाही, बेल नाही. आलेला माणूस बाहेरूनच हाक मारतो आणि आतलं कोणीतरी हातातलं काम न सोडता "या" म्हणतं. कोण आहे ते बघायला कोणी उठत नाही.

त्या सकाळी आम्ही चहा घेत होतो. सायली माझ्या मांडीवर बसून टोस्ट चोखत होती.

तेवढ्यात बाहेरून...

"हाय का कोनी घरात?"

म्हाताऱ्या माणसाचा आवाज. घशाला कोरड पडल्यासारखा.

"या की," चांगुणाबाई गॅसपाशी उभ्या राहूनच म्हणाल्या.

पडदा आत फुगला...

पण आत कोणीच आलं नाही.

मी उठून बाहेर डोकावलो. अंगण रिकामं. दूधवाला गोरक्ष समोरून गाडीवर येत होता.

"कोन गेलं रे आत्ता इथनं?"

"कोनी न्हाई. मी पार त्या वळनापासून येतोय, रस्ता मोकळाच हाय."

मी हसण्यावारी नेलं. मागे वळलो तर पडदा अजून तसाच आत फुगलेला. वारा अजिबात नव्हता.

आणि सायली...

मान एका बाजूला कलती करून बसली होती. कोणीतरी कानाशी बोलतंय आणि ती ऐकतेय, अशी.

त्या दिवसापासून तिची मान सरळ झाली नाही.

दुसऱ्या सकाळी उठल्या उठल्या उलटी. तिसऱ्या सकाळी पुन्हा. ताप नाही, खोकला नाही. मग चालताना झोक जायला लागला. घरभर धावणारी पोर भिंत धरून उभी राहायला लागली.

आणि डोळे... बुबुळं खाली उतरायची, वर पांढरं दिसायचं. हाक मारली तरी ती वर बघायची नाही. तिच्या पायाशी कोणी बसलं असावं, तशी खालीच बघत राहायची.

चांगुणाबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. मग पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.

"मीच 'या' म्हनले. कोन हाय ते पाह्यलंबी न्हाई. मीच घरात घेतलं त्याला."

दाजींनी ते मनावर घेतलं. "ज्यानं बोलावलं त्यानंच घालवायचं. अमावस्येला आईच्या हातानं उतारा टाकू. तवर पोरीला घराबाहेर काढायचं न्हाई."

"दाजी, आधी डॉक्टरला दाखवू," मी भडकलो. "अमावस्या काय पळून चाललीय?"

"तुमीबी ऐकली ना हाक? मंग?"

ऐकली होती.

शेवटी धनश्रीच उठली. ती सायलीला कानटोपी घालत होती. थंडी सुरू होताना घेतलेली, तेव्हा सैल होणारी टोपी आता डोक्यात जाईना. तिनं टोपी खाली टाकली.

"दादा, गाडी काढ. भूत काय डोकं मोठं करीत न्हाई."

नगरला स्कॅन झाला. तिथून तसंच पुण्याला.

मेंदूच्या मागच्या भागात गाठ होती. इतक्या लहान मुलांमध्ये ती फार झपाट्याने वाढते, डॉक्टर म्हणाले. डोक्यात पाणी साठलंय. सकाळची उलटी, कललेली मान, खाली उतरलेले डोळे, जाणारा तोल... प्रत्येकाचं कारण त्यांनी समजावून सांगितलं. उलट्या कधीपासून, असं विचारल्यावर धनश्री म्हणाली, आधीही एक-दोनदा झाल्या होत्या, दात येताहेत म्हणून लक्ष दिलं नाही.

म्हणजे गाठ त्या हाकेच्या आधीची होती.

सांगायला लाज वाटते, पण मला हायसं वाटलं. भाचीला कॅन्सर आणि मामाला हायसं! पण निदान त्या गोष्टीला नाव होतं. मी लगेच चांगुणाबाईंना फोन लावला. "मावशी, तुमची काही चूक न्हाई."

त्या म्हणाल्या, "आजार आधीचा आसंल बाबा. पन मंग ते कशाला आलं हुतं?"

मी फोन ठेवून दिला.

ऑपरेशनमध्ये बरीचशी गाठ निघाली, सगळी नाही. एवढ्या कोवळ्या मेंदूला रेडिएशन देणं टाळतात, म्हणून केमो सुरू झाली. वॉर्डात शेजारच्या खाटेपाशी बेलापूरची सविता होती. तिचा मुलगा अमृत सायलीपेक्षा लहान, आजार तसलाच. पण तो सुधारत होता. दूध प्यायचा, खुदकन हसायचा. त्याला घरी सोडायचं बोलणं चाललं होतं. सविता धनश्रीला बळेच आपल्या डब्यातली भाकरी खायला लावायची. दोन खाटांच्या मध्ये फक्त पडदा.

सायली मात्र खचत गेली. एका संध्याकाळी डॉक्टरांनी धनश्रीला बाजूला घेतलं. "मनाची तयारी ठेवा," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, डॉक्टर यायच्या आधी...

वॉर्डात रडणारी पोरं एकदम गप्प झाली.

"हाय का कोनी?"

तोच आवाज. कोरडा. नव्या जागी पुन्हा विचारावं लागत असेल त्याला.

माझं तोंड सवयीनं उघडलं... आणि धनश्रीचा हात त्यावर आला. गारठलेला हात. ती मान हलवून नको, नको म्हणत होती.

आमचा पडदा हळूहळू आत यायला लागला.

"हाय का कोनी...?"

आम्ही श्वास धरून बसलो.

आणि पलीकडून सविता बोलली. झोपेतल्या आवाजात, अगदी अदबीनं.

"या ना. कोन हाय?"

आमचा पडदा मागे गेला...

अमृत त्याच दुपारी गेला. मेंदूत रक्तस्राव झाला, या आजारात असं होऊ शकतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. होत असेल.

सायली त्या दिवसापासून सावरली. आता घरी आहे. गाठ पुन्हा येऊ शकते, हे डॉक्टरांनी आधीच बजावलंय. पुढच्या महिन्यात स्कॅन आहे.

त्या सकाळबद्दल मी आणि धनश्री कधी बोललो नाही. पडद्यापलीकडे ओरडून "बोलू नको" एवढंच सांगायचं होतं. दोघांपैकी कोणीही सांगू शकलं असतं.

सविता अजून फोन करते.

"सायली बरी हाय ना? देवानंच राखली बघ तिला," म्हणते.

धनश्री "हो" म्हणते आणि फोन ठेवून देते.