आबांच्या ठिगळाची दारे

ठिगळ जिवंत होते, पण धडधडत नव्हते.

रुपयाच्या नाण्याएवढे ते ठिगळ कालिंदीच्या आबांचे, म्हणजे आजोबांचे होते. आबांच्या हृदयाचा एक कोपरा कमजोर झाला होता, म्हणून लातूरच्या रुग्णालयातल्या नव्या प्रयोगशाळेत डॉ. नजमा पठाण यांनी त्यांच्याच पेशींपासून (शरीराच्या सर्वांत लहान जिवंत घटकांपासून) हृदयाचा हा तुकडा वाढवला होता. कालपर्यंत तो काचेच्या बशीत विजेच्या हलक्या संकेतावर मिनिटाला साठ वेळा आकसत होता. आज सकाळी त्याला ताज्या द्रावणात ठेवले आणि तो गप्प झाला. शस्त्रक्रिया उद्याच होती. दुपारी दोनपर्यंत ठिगळ चालले नाही, तर नवे वाढवावे लागणार होते आणि त्याला तीन महिने लागत. आबांचे हृदय तीन महिने तग धरेल, अशी खात्री द्यायला कोणी तयार नव्हते.

अकरा वर्षांची कालिंदी स्टुलावर चढून बशीत बघत होती. शेजारी प्रयोगशाळेचा रोबो उभा होता. त्याचे नाव निर्मळ, आणि तो नावासारखाच होता. एका भांड्यात होणाऱ्या कामाला तो दुसरे भांडे ओले करत नसे आणि हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

"विजेचा संकेत ठिगळभर पोचतोय," पडद्यावरची रेघ पाहत डॉक्टर म्हणाल्या. "म्हणजे दारंही उघडत असणार. मग हे हलत का नाही?"

"पेशींना दारं असतात, मॅडम?" कालिंदीने विचारले.

"असतात की. पेशीभोवती पेशीपटल (पातळ आवरण) असतं. त्यात कॅल्शियम वाहिन्या असतात. म्हणजे कॅल्शियमच्या आयनांना (विद्युतभार असलेल्या कणांना) आत सोडणारी इवलीशी दारं. एरवी बंद. संकेत आला की उघडतात आणि डोळ्याचं पातं लवतंय तोवर मिटतातही."

"तेवढ्यात कॅल्शियम आत जातं?"

"धावत जातं. पेशीबाहेर ते आतल्यापेक्षा जवळजवळ दहा हजार पट जास्त असतं ना. आत आलेलं थोडंसं कॅल्शियम पेशीतल्या कोठारांना जागं करतं, तिथून आणखी सुटतं आणि स्नायूचे धागे आकसतात. मग पेशीतले पंप सगळं पुन्हा कोठारात आणि बाहेर ढकलतात. स्नायू सैल पडतो. झाला एक ठोका."

कालिंदी ऐकता ऐकता थबकली. हे तिला चांगलेच ओळखीचे होते. आबा एकतीस वर्षे पाटकरी होते. कालव्याचे दार चाक फिरवून उघडायचे, शेतांना पाणी द्यायचे आणि वेळेवर बंद करायचे, हे त्यांचे काम. शेवटच्या शेतात पाणी शिरले की तिथला शेतकरी "पाणी पोचलं" अशी हाळी देई. शेजारचा ती उचले, मग त्याच्या पुढचा, असे करत हाळी दारापर्यंत येई. त्यानंतरच आबा चाक उलटे फिरवत. त्यांच्या पाळीत शेवटचे शेत कधी कोरडे राहिले नाही, याचा सगळ्या घराला अभिमान होता.

ती बोळ ओलांडून आबांच्या खोलीत धावली आणि सगळे सांगितले.

आबा उशीला टेकून ऐकत होते. "दारं उघडायलीत म्हणतीस, आन् रान कोरडंच?"

"हो."

"मग दाराला कशाला बोल लावता? आधी कालव्यात पाणी हाय का बघा की. एका साली मी सकाळधरून चाक फिरवत बसलो. वर कुणी बांध घातला व्हता, ते बघितलंच नाही."

कालिंदी आल्या पावली परतली. "मॅडम, बाहेरच्या द्रावणात कॅल्शियम आहे का?"

"मोजून घातलं. नोंद आहे," निर्मळ म्हणाला.

नोंद खरोखरच होती. पण कालिंदी पाटकऱ्याची नात होती, नोंदीवर ती थोडीच गप्प बसणार. "घातल्यावर काय झालं?"

"द्रावण दुधासारखं झालं. मी गाळून लख्ख केलं."

कालिंदीने गाळणकागद उचलला. त्यावर पांढरी भुकटी साचली होती. घरी बोअरच्या पाण्याने पातेल्याला धरते, तसली. डॉक्टरांनी ती पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"निर्मळ, कॅल्शियम आणि फॉस्फेट (पेशींना लागणारा दुसरा क्षार) यांची घट्ट द्रावणं एकाच भांड्यात मिसळलीस?"

"एकात होत असताना दोन कशाला?"

"घट्ट असताना ती एकमेकांना धरतात आणि गाळ होऊन बसतात. तू गाळलंस ते कॅल्शियमच होतं, बाबा. दारं उघडत होती, पण बाहेर आत जायला काही उरलंच नव्हतं."

निर्मळचे दिवे जरा मंद झाले. "दुसरं भांडं घेऊ?" त्याने हळूच विचारले.

नवे द्रावण करताना सगळे आधी भरपूर पाण्यात विरघळवले आणि कॅल्शियम शेवटी, थेंबाथेंबाने. डॉक्टर ढवळता ढवळता सांगत होत्या, "अशी दारं मज्जातंतूंच्या टोकांनाही असतात. तिथं कॅल्शियम शिरलं की निरोप पुढच्या पेशीकडे जातो. जेवल्यावर रक्तात इन्सुलिन (साखर आवरणारं रसायन) सोडायचा इशाराही तेच देतं. प्रत्येक ठिकाणचं दार थोडं निराळं. अजून बरीच नीट समजायची आहेत. तुझ्यासारख्या मुलींनी यायला हवं."

पावणेदोनला ठिगळ नव्या द्रावणात ठेवले. काही क्षण काहीच झाले नाही. कालिंदी पुन्हा स्टुलावर चढून बशीत बघत होती. मग ठिगळाची एक बाजू थरथरली, पाठोपाठ सगळे ठिगळ आकसले आणि सैल पडले. पुन्हा आकसले. मिनिटाला साठ.

कालिंदी स्टुलावरून उतरली. तिने दारात जाऊन हाळी दिली, "पाणी पोचलं."

बोळात निर्मळ भांडी घेऊन चालला होता. त्याला अर्थ कळला नाही, तरी त्याने आपल्या सपाट आवाजात ती उचलली, "पाणी पोचलं." पुढच्या दाराशी सिस्टर उभ्या होत्या. त्यांनी हसून ती हाळी आबांच्या खोलीत दिली.

आबांनी दोन्ही हात वर केले आणि हवेतले चाक सावकाश उलटे फिरवून दार बंद केले. "शेवटच्या रानापोत पोचवलं बघा," ते सिस्टरना म्हणाले. "नात हाय माझी."