मागच्या सीटवरचं वजन

अपघातातल्या गाडीची सीट तुम्ही कधी हाताने घासली आहे का? मी घासते. माझा भाऊ ठोकलेल्या गाड्या विकत घेतो, पत्रा सरळ करतो, रंग मारतो. आतली घाण माझ्या वाट्याला. रक्त गार पाण्याने निघतं, गरम पाण्याने उलट पक्कं बसतं, एवढं आता मला कळतं. पण त्या पांढऱ्या गाडीची मागची सीट काही केल्या साफ होईना. घासली की फडक्याला तपकिरी चिकट काहीतरी लागायचं. कुणीतरी वरून गुलाबाचा स्प्रे मारला होता. त्या गोडसर वासाच्या खालून दुसरा, सडका वास यायचा.

आत चार पोरं होती म्हणे, एक पुढे, तिघं मागे. पट्टा एकानेही लावला नव्हता. पट्ट्याच्या खाचांत नुसत्या लोखंडी जिभा खुपसल्या होत्या. त्या घातल्या की पट्टा न लावताही गाडी टीं टीं करत नाही. मी एकेक उपसून काढली. बोटांना बुळबुळीत लागलं. एकीला केस चिकटले होते. शी! चारही गटारात फेकल्या.

दुपारी भाचा आला. लायसन्स अगदी नवं, आणि संध्याकाळी हीच गाडी घेऊन मित्रांबरोबर तळ्यावर जायचं ठरलेलं.

“आत्या, चकाचक केलीस की.”

“वास येत नाही तुला?”

“तुला तर धुतलेल्या कपड्यांनाही वास येतो.”

“मी शेजारी बसते. आधी एक चक्कर मार, मग बघू.”

“आत्याला घेऊन फिरतो म्हणून चिडवतील मला.”

“चिडवू देत. पट्टा लाव.”

आम्ही दोघांनी पट्टे लावले. गाडी निघाली आणि टीं टीं सुरू झाली. समोर मागच्या सीटच्या पट्ट्यांचे तीन लाल दिवे लागले होते; मागे वजन पडलं आणि पट्टा नसला की ते लागतात. मी वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

“गादी ओली राहिली असेल,” तो म्हणाला.

मलाही तसंच वाटायला हवं होतं. रस्ता मोकळा होता, लख्ख ऊन होतं. मग मानेवर ऊन ऊन श्वास आला. पेपरमिंटचा, आंबलेल्या बिअरचा, आणि त्याखाली तोच सडका वास. कुणी पुढे सरकून बसावं तशी मागची गादी करकरली.

“पळव ना...” तोंडात काहीतरी चघळत कुणीतरी हळूच म्हणालं.

वेगाचा काटा वर चढत होता.

“हळू घे रे.”

“आत्या... मी पाय काढलाय...”

मी खाली पाहिलं. त्याचा पाय खरंच बाजूला होता. पेडल आपोआप खाली दबत होतं. मागे कुणीतरी ओलसर, लाळ गळल्यासारखं हसलं. मी किल्ली फिरवली आणि दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. गाडी वळणावरच्या कठड्याला घासत थांबली. भाचा दार उघडून बाहेर पडला आणि रस्त्याकडेला भडाभडा ओकला. मीही ओकले.

तळ्यावर कुणी गेलं नाही. शर्टाला वास येतोय म्हणून भाच्याने तो काढून आमच्या दोरीवर टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाने गाडी भंगारात दिली. मी शर्ट धुवायला घेतला, तर कॉलरला मागून च्युइंगमचा चघळलेला गोळा चिकटला होता. त्यावर दातांचे ठसे होते. रात्रभर शर्ट बाहेर गारठ्यात होता, तरी तो गोळा अजून कोमट होता.