शेवटच्या बंदाची गाठ

लिफ्ट बंद, पंखे बंद, तुमच्या मोबाइलांनीही माना टाकल्यात. गच्चीवर आलाच आहात तर बसा आता गपचूप. आणि काय रे सनी, मघाशी जिन्यात काय म्हणत होतास? यंदाच्या देखाव्याचे कपडे भाड्याने आणू, शिवत बसायला वेळ कुणाला आहे? आणा बाबांनो. आम्ही कोण सांगणारे! पण एके काळी ते शिवले जायचे, आणि शिवणारा सयाजी माझ्या चांगल्या ओळखीचा होता. त्याच्यावर गुदरलेली गोष्ट आहे ही. ज्याला मध्येच खिदळायचं असेल, त्याने आत्ताच खाली जावं.

सयाजी मूळचा साताऱ्याकडचा. कळंबोलीत एका गाळ्यात त्याचं शिवणाचं दुकान होतं. वैशाखातली शिवजयंती झाली की पुढच्या रविवारी त्याची मित्रमंडळी मैदानावर गडाच्या वेढ्याचा देखावा करायची. फळ्यांचा दरवाजा, पुठ्ठ्याची तोफ आणि उन्हात घामाघूम झालेले चाळीस मावळे. सयाजी किल्लेदार व्हायचा आणि दर वर्षी त्या दरवाज्यात धारातीर्थी पडायचा. तोफेवर गोलंदाज असायचा अय्युब. तो नावड्याचा, धंद्याने टेलरच, आणि सयाजीचा जीव की प्राण.

कपडे हे दोघं मिळून शिवायचे. बेतणं आणि मशीन सयाजीकडे, तुरपाई आणि बंद लावणं अय्युबकडे. अय्युब डावखुरा होता. त्यामुळे त्याचे टाके चारचौघांच्या टाक्यांच्या उलट्या अंगाला कलायचे. कुठलाही अंगरखा उलटा करून सयाजी एका नजरेत सांगायचा, हा अय्युबचा हात.

आणखी एक रीत होती. शेवटचा बंद लावून झाला की अय्युब दोऱ्याला गाठ मारत नसे. वीतभर दोरा लोंबता ठेवायचा. पहिल्या वर्षी दोघं कडकडून भांडले होते, कपडा शिवला कुणी म्हणायचं, यावरून. तेव्हा अय्युबनेच तोड काढली. पहिली कात्री सयाजीची, मधली सुई अय्युबची आणि शेवटची गाठ सयाजीची. म्हणजे कपडा दोघांचा. सहा वर्षांत शंभरावर अंगरखे झाले, पण ही रीत एकदाही मोडली नाही.

आता त्या रात्रीचं ऐका. १० मे १९९७, शनिवार. दुसऱ्या दिवशी देखावा. त्या वर्षी बाहेरून मोठे पाहुणे यायचे होते, म्हणून अठरा नवे अंगरखे काढले होते. सगळा कारभार जयप्रकाशच्या हातात. त्याचं एसटीडी बूथ सयाजीच्या दुकानाला लागून होतं. सयाजीकडे फोन नव्हता, त्याचे सगळे निरोप त्या बूथवरच यायचे.

आठवडाभर जयप्रकाश एकच घोकत होता, "तू मशीनवरून उठू नको. अय्युबकडे गठ्ठे मी पोचवतो, परत मीच आणतो. तू टेन्शन घेऊ नको." तिकडून आलेले कपडे तो परस्पर मंडळाच्या हॉलवर ठेवायचा; शेवटच्या गाठी सयाजी रविवारी सकाळी एकदम मारणार होता. सयाजीला वाटायचं, काय राबतोय बिचारा आपल्यासाठी.

शनिवारी रात्री नऊला अठरावा अंगरखा मशीनवरून उतरला. तो खुद्द सयाजीचा, किल्लेदाराचा. दुपारीच बेतलेला. जयप्रकाश मैदानावर ट्यूबलाइटी लावायला गेला होता. सयाजी मनात म्हणाला, आपणच जाऊ. आठवडा झाला अय्युबचं तोंड बघितलं नाही. अंगरखा पिशवीत घातला, दुकानाचं शटर ओढलं आणि एम-एटीला किक मारली.

रस्ता नेहमीचा. तळोज्याच्या कारखान्यांचा तो आंबूस वास, उभे ट्रक, आणि खाडीकडे उतरलेली चतुर्थीची कोर. नावड्यात शिरला तर लाइट गेलेली. अय्युबचं दुकान रस्त्याला लागून, मागे घर. शटर गुडघाभर वर होतं आणि आत मेणबत्ती जळत होती.

"अय्युब, झोपलास का रं?"

"ये."

सयाजी वाकून आत गेला. अय्युब चटईवर बसला होता. भिंतीला टेकून. वैशाखातली रात्र, बाहेर अंगाची लाही होत होती, पण आत गारवा होता. सयाजीला बरंच वाटलं.

"हा शेवटचा. माझाच हाय. उद्याच्याला पायजे."

अय्युबने हात पुढे केला. डावा. अंगरखा घेतला आणि सुई ओवली. मेणबत्तीचा उजेड मिणमिणता होता, तरी एका दमात ओवली. मग शिवायला लागला.

सयाजी बोलत राहिला. पाहुणे, हार, लाउडस्पीकर. नेहमी अय्युब शिवताना दहा गोष्टी सांगायचा. आज फक्त दोरा कापडातून जायचा... सर्र... सर्र...

बऱ्याच वेळाने तो म्हणाला,

"बुधवारी सगले आलते."

"कुठं? हितं?"

"जयप्रकाश आला. हिरामण आला. सगले." सुई थांबली. "तू नाय आलास."

सयाजीला आठवलं. बुधवारी दुपारी मंडळी कुठेतरी गेली होती खरी. मैदान बघून येतो म्हणाली होती. म्हणजे तिथून इकडे आली असतील, कपडे अंगाला लावून बघायला. आपण मशीनवर होतो.

"आरं, कामात हुतो. येळच न्हाई मिळाला."

अय्युबने मान वर केली. बघितलं. नुसतं बघितलं...

"कामात होतास."

"व्हय की. अठरा अंगरखं, एकटा मी. नाराज झालास का काय?"

सुई पुन्हा चालू. सर्र... सर्र... मग दोरा तुटल्याचा आवाज. अय्युबने अंगरखा घडी करून पुढे सरकवला.

"झालां. ने."

"उद्या सातला ये. तोफ तुझ्याबिगर कोन उडवणार?"

अय्युबने मेणबत्तीवर फुंकर मारली.

काळोख.

सयाजी चाचपडत बाहेर आला. हसत हसतच पुटपुटला, रुसलं बेणं. गाडीकडे वळला, तेवढ्यात बोळातून टॉर्च आला. अय्युबचा धाकटा भाऊ, शहजाद.

"सयाजीभाई?" त्याचा आवाज कोरडा होता. "आज येल गावला तुमाला?"

"आरं, अय्युबकडं काम हुतं..."

शहजाद टॉर्च तसाच धरून उभा राहिला.

"शहजाद?"

"भाई बुधवारी सकाली गेला. छातीत कल आली. बूथवर फोन मीच केलता. सांगितलां, सयाजीभाईंना आधी कलवा, ते आल्याबिगर भाईला उचलनार नाय. असरच्या नमाजापर्यंत थांबलो आमी. जयप्रकाशभाई आले, सगले आले. बोलले, सयाजीला काम हाय, त्याला नाय जमनार."

सयाजीने मागे बघितलं. टॉर्चचा उजेड शटरवर पडला.

शटर खाली होतं. जमिनीपर्यंत.

कुलूप होतं. कुलपावर धूळ होती.

...

तो तिथून कळंबोलीला कसा आला, ते त्याने कधीच सांगितलं नाही. हॉलवर जयप्रकाश आणि हिरामण कपडे मोजून लावत होते. सयाजी दारात उभा राहिला. भूत बघितलेल्या माणसाचा चेहरा भेदरलेला असतो म्हणतात. त्याचा तसा नव्हता. घरच्या माणसाने पाठीत सुरा घातल्यावर होईल, तसा होता.

"अय्युब कधी गेला?"

जयप्रकाश खाली बघायला लागला. मग म्हणाला, "बघ, तू समजून घे. तुला सांगितलं असतं तर तू उठून गेला असतास, मग आठ दिवस मशीनला हात लावला नसतास. एवढे पाहुणे बोलावलेले. उद्या शो झाला की सांगणारच होतो. कामोठ्याच्या एका बाईंकडून तुरपाई करून घेतली. काय वाईट केलं?"

"मला मातीला जाऊ दिलं न्हाईस."

"सयाजी..."

"माज्या तोंडानं न्हाई म्हनून सांगितलंस. त्याच्या दारात. तो पुढ्यात पडलेला असताना."

हिरामण एक शब्द बोलला नाही. त्यालाही बुधवारपासून माहीत होतं. तीन दिवस सयाजीसमोर बसून त्याने त्याच्याच पैशाचा चहा प्यायला होता, आणि गप्प राहिला होता. असं बघू नका माझ्याकडे, पोरांनो. होय, हिरामण म्हणजे मीच. माझ्या ओळखीच्या माणसाची गोष्ट म्हणालो, ते खरंच आहे. मित्राची म्हणायचा हक्क मी त्या आठवड्यात घालवला.

सयाजीने तो कुठून आला, काय बघितलं, ते सांगितलं. जयप्रकाश उसनं हसला. "डोक्यावर परिणाम झालाय तुझ्या. तुरपाई तूच केली असशील."

सयाजीने पिशवीतून अंगरखा काढला आणि ट्यूबलाइटखाली उलटा करून धरला.

टाके उलट्या अंगाला कललेले होते. सगळे. गळ्यापासून घेरापर्यंत.

जयप्रकाश मागे सरकून खुर्चीत बसला. पण सयाजी त्याच्याकडे बघतच नव्हता. त्याचं बोट एकेका बंदावरून सरकत होतं. पहिला... दुसरा... तिसरा... शेवटच्या बंदाशी आलं. तिथे तो दोरा शोधत होता. वीतभर लोंबता दोरा, त्याच्यासाठी सोडलेला.

बोट थांबलं. परत मागे गेलं. परत आलं.

"म्या बोललो त्याला," सयाजी पुटपुटला. "कामात हुतो म्हनून... म्याच बोललो, माज्या तोंडानं..."

आणि तो खाली बसला. एवढा दांडगा माणूस, लहान पोरासारखा हमसून हमसून रडायला लागला.

दुसऱ्या दिवशी देखावा झाला. किल्लेदाराविना. सयाजी महिन्याभरात गाळा सोडून गावी गेला, तो परत आला नाही. तो अंगरखा त्याने हॉलवरच टाकला होता. तो माझ्याकडे आहे, खाली कपाटात. लाइट आली की दाखवतो, हात लावून बघा.

शेवटच्या बंदाशी दोरा नाही.

गाठ आहे. मारलेली.

डाव्या हाताने.

घट्ट.