मावसबहीण

मिरजेच्या स्मृतिरक्षण केंद्रात अनुभवदर्शकाची जाळी डोक्यावर चढत होती, तेव्हा उत्पला दाभोळेने तोंडाने खणखणीत शिट्टी वाजवली. खो-खोची प्रशिक्षक ती. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही आवाज मैदानभर जाईल असा. शेजारच्या खुर्चीत रसायनशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका ऋजुता आपटे जीव मुठीत धरून बसल्या होत्या.

"मला जरा सोपं करून सांगा," सही करायला आलेले नातेनोंदणी अधिकारी कुंभोजकर म्हणाले.

"एकच दिवस दोघींनी जगलेला असतो," डॉ. तन्वीर मुजावर सांगू लागल्या. "एकीच्या मेंदूत तो पुसट झाला, तर दुसरीच्या मेंदूतला ठसा वापरून आपण तो पुन्हा ठळक करतो. हा प्रतिस्मरण उपचार. त्यासाठी स्मृतिसाक्षी लागतो आणि त्याचं नातं खरं लागतं. खोट्या नात्यावर सुरुवात केली, तर मेंदू त्याच खोट्या वाटेने आठवणी बांधत जातो. मग आहे तेही हातचं जातं."

"खरंखोटं कळणार कसं?"

"जगलेल्या गोष्टीला वास, स्पर्श, आवाज यांची मुळं असतात. मग अनुभवदर्शकाचा पडदा हिरवा होतो. घोकलेल्या गोष्टीला नुसते शब्द असतात, तिथे तो पांढराच राहतो. विस्मरणाच्या या आजारात आधी जातं ते घोकलेलंच."

कुंभोजकरांनी मान डोलावली. "पूर्वी साक्षी रक्ताचा नाहीतर लग्नाचा लागायचा. गेल्या वर्षीपासून रुग्ण सांगेल ते नातं सरकारला मान्य आहे. फक्त दोघांनी एकच सांगायला हवं."

ऋजुताबाईंनी चमकून उत्पलाकडे पाहिलं. बेचाळीस वर्षं दोघी जगाला एकच सांगत आल्या होत्या: आम्ही मावसबहिणी. सुरुवात एका दवाखान्याच्या दारातच झाली. उत्पलाचं अपेंडिक्स फुटलं होतं, आत फक्त नातेवाइकांना सोडत होते, आणि ऋजुताबाईंनी बेधडक खोटं ठोकून दिलं. नाव ऋजुता आणि करणी ही! पुढे घरमालक, शाळा, रेशनकार्ड, सगळीकडे तेच. उत्पलाला खोटं पचत नसे, म्हणून तिच्याकडून ते पाढ्यासारखं पाठ करून घेतलं होतं. आता ती 'मावसबहीण' म्हणाली की अर्ज बाद. मग फार तर सहा महिने. त्यानंतर उत्पला त्यांना ओळखणारही नव्हती.

"दाभोळेबाई," डॉक्टरांनी विचारलं, "या शेजारी बसल्यात त्या कोण?"

उत्पलाने वळून पाहिलं.

"कोण म्हणजे? ऋजू! माझी बायको. किंवा मी तिची. ते अजून ठरलेलं नाही आमचं."

पडदा हिरवा झाला. आजाराने नेमकं पाठांतर तेवढं नेलं होतं. ऋजुताबाईंना हसू आणि रडू एकदमच आलं.

"छान," म्हणत डॉक्टरांनी दुसरी जाळी त्यांच्या डोक्यावर बसवली. "आता तुम्ही सांगा. या तुमच्या कोण?"

"मावसबहीण," ऋजुताबाई म्हणाल्या.

शब्द तोंडातून गेल्यावरच त्यांना कळलं. पडदा पांढराफटक. त्यांचा मेंदू ठणठणीत होता, त्यामुळे पाठांतरही जसंच्या तसं होतं.

कुंभोजकरांचं पेन थांबलं. "एकदा दुरुस्ती करता येते, बाई. सावकाश होऊ द्या."

ऋजुताबाईंची नजर उघड्या दाराकडे गेली. जन्मभर मुलींना अवघड समीकरणं समजावून देणाऱ्या बाईंना एक शब्द फुटेना. बाहेरच्या बाकावर माणसं बसलेली दिसत होती. त्या दार लावायला उठल्या, तशी उत्पलाने त्यांचा पदर धरला.

"बस खाली. भित्री भागूबाई! तुला येत नसेल तर मी सांगते, तू मागनं म्हण." आणि बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "माझी बायको."

"माझी... बायको," ऋजुताबाई पुटपुटल्या.

"हे तर पढवलेलं झालं!" कुंभोजकर चपापले.

"शब्द पढवलेला आहे," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. काठापासून काठापर्यंत तो हिरवागार झाला होता.

कुंभोजकरांनी सही केली.

"ऐकू नाही आलं," उत्पलाने दटावलं. "मोठ्याने म्हण."

आता गरज नव्हती, कुणी विचारतही नव्हतं. ऋजुताबाईंनी डोळे पुसले आणि मोठ्याने म्हटलं.