पायथ्याची जागा

भोंगवलीच्या आनंदरावांनी उभी हयात वायरमन म्हणून काढली. टेस्टर पेटला तर करंट आहे, नाही पेटला तर नाही. देवाधर्माबद्दलही त्यांचं म्हणणं साधारण असंच. त्यामुळे पुण्याच्या डॉक्टरांनी पोटाचा सीटी स्कॅन काढून यकृतात गाठ असल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांच्या बायकोने, रतनबाईंनी, पदर तोंडाला लावला आणि आनंदराव म्हणाले, "मला दाखवा."

डॉक्टर हौशी निघाले. काळी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावून म्हणाले, "काकडीच्या चकत्या करतो ना, तशा या तुमच्या पोटाच्या चकत्या. हे यकृत, ही गाठ. औषध देतो. काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन काढू. गाठ वाढली नसली तर जिंकलो."

"आन् वाढली तर?"

डॉक्टर औषधाची चिठ्ठी लिहू लागले. आनंदराव फिल्मकडे बघत राहिले.

"यकृत उजवीकडं असतंय न्हवं? हितं तर डाव्या अंगाला दिसतंय."

"शाबास! तुम्ही उताणे निजलाय आणि बघणारा तुमच्या पायथ्याशी उभा आहे, असं धरून ही चित्रं मांडतात. म्हणून तुमचं उजवं ते त्याचं डावं."

"बघणारा म्हंजी कोण?"

"कुणी नाही हो. तशी पद्धत आहे," डॉक्टर हसले. आनंदरावही हसले. परतताना एसटीत मात्र ते पोटावर हात ठेवून बसले. पोटातल्या गाठीची त्यांना भीती वाटत होती.

घरी पडवीत त्यांची खाट होती. आजाऱ्याला भेटायला आलेला माणूस खाटेच्या पायथ्याशी टेकतो, ही गावची रीत. दुपारी शेजारचे सावळाराम आले. टेकायला वाकले आणि तसेच उठून उंबऱ्यावर जाऊन बसले.

"बसा की हितं," आनंदराव म्हणाले.

"न्हाई, हितंच बरं हाय." सावळारामांनी तंबाखू मळायला घेतली.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या सखूबाई पेरू घेऊन आल्या. पायथ्याकडे गेल्या, थबकल्या आणि कुणी वडीलधारं बसलेलं असावं तसा त्यांनी पदर डोक्यावर ओढून घेतला. आनंदरावांनी बसायचा आग्रह केला, तेव्हा म्हणाल्या, "जागा कुठंय?"

पायथ्याशी दोन माणसं सहज बसतील एवढी जागा मोकळी होती.

आनंदरावांनी ते हसण्यावारी नेलं. पण दुपारी डोळा लागायच्या बेताला पायांपाशी खाटेचा सुंभ करकरायचा. ते पाय पोटाशी घेऊन निजू लागले. वादळात खांबावर चढलेला माणूस, आणि स्वतःच्या खाटेवर पाय पसरायला भितो! त्यांना स्वतःचाच संताप आला. एका सकाळी उठून त्यांनी खाटच फिरवली. पायथा होता तिथे उशी ठेवली.

"अवं, उत्तरंला डोस्कं करून कुणी निजतं व्हय?" रतनबाई घाबरल्या. "मेल्या माणसाला ठेवत्यात तसं!"

"लई झालं तुजं. जा, च्या टाक."

उपाय लागू पडला. त्या दुपारी सावळाराम आले ते नव्या पायथ्याशी खुशाल मांडी घालून बसले आणि ऊसतोडीच्या गप्पा मारत राहिले. आनंदरावांच्या तोंडाकडे बघायचं मात्र त्यांनी टाळलं.

आनंदराव पाय पसरून झोपू लागले. जेवण जाऊ लागलं. ठरल्याप्रमाणे पुन्हा स्कॅन झाला.

"गाठ गेली!" डॉक्टर म्हणाले. "शोधावी लागतेय!"

रतनबाईंना रडू आवरेना. आनंदराव फिल्मजवळ सरकले.

"डॉक्टर, ह्या बारीला यकृत उजवीकडं आलंय."

डॉक्टरांनी फिल्म पालटून लावली. त्याबरोबर कोपऱ्यातलं आनंदरावांचं नाव उलटं झालं. पुन्हा होती तशी लावली. नाव सुलट, यकृत उजवीकडे. त्यांनी मशीनवाल्याला बोलावलं. तो शपथेवर सांगू लागला, नेहमीसारखंच काढलंय.

"बघणारा उशाशी उभा असला तर असं दिसेल," डॉक्टर पुटपुटले. मग त्यांनी पेटीचा दिवा बंद केला. "मशीनचं काहीतरी असेल. तुम्ही बरे झालात, आनंद माना."

सारोळ्याच्या फाट्यावर रतनबाईंनी पेढे घेतले. घरी पोचले तेव्हा उन्हं कलली होती. खाट आधी फिरवायची, हे आनंदरावांनी वाटेतच ठरवलं होतं. पण अंगात त्राण उरलं नव्हतं. जरा पाठ टेकू, मग फिरवू, असं म्हणून ते आडवे झाले. रतनबाई पेढे वाटायला गेल्या.

सखूबाईंच्या अंगणातून रतनबाईंचा आवाज येत होता. "गाठ पार गेली बघा! जिवावरचं टळलं!"

उशी एका बाजूने दबली.

आनंदरावांना भीती वाटली. हाक मारावीशी वाटली. मान वळेना.

हनुवटीला गार बोटं लागली. तोंड हलकेच उघडलं गेलं.

जिभेवर दोन थेंब पाणी पडलं. पाण्याला तुळशीची चव होती.